वहीतल्या बरोबरच्या खुणा

बॅकअपची जुनी डिस्क ताईंनी उघडून पाहिली ती केवळ नेमाखातर. नवी बसवायची, जुनी काढायची. काढण्याआधी आत डोकावावं, एवढंच. डोकावल्या, आणि त्यांनी खुर्चीची पाठ धरली. शेवटची फाईल आठ महिन्यांपूर्वीची होती.

दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या ग्रंथालयात ताई सर्व्हर सांभाळत. खोली एवढीशी, ध्वनिमुद्रणाच्या काचेच्या खोलीला लागून. पुस्तकांची मोठी डिस्क चार दिवसांपासून कुरकुरत होती आणि घरी आई आठवडाभर अंथरुणाला खिळलेली. दोघींची दुखणी एकट्या ताईंच्या डोळ्यांत उतरली होती.

रोज सकाळी मशीनचा निरोप असायचा, 'प्रत पूर्ण झाली.' रोज सकाळी ताई वहीत बरोबरची खूण करायच्या. अंगात ताप असतानाही हा नेम कधी चुकला नव्हता.

चूक शोधायला वेळ लागला नाही. आपली चूक आपल्याला लवकर सापडते. सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीने एखादी डिस्क दर वेळी आपोआप जोडून घ्यावी, तर एका फाईलमध्ये तशी एक ओळ लिहून ठेवावी लागते. ताईंनी डिस्क हाताने जोडली होती. ओळ 'उद्या लिहू' म्हणून राहिली. मग एकदा वीज गेली, आली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला. डिस्क जोडली गेली नाही, पण तिच्या नावाचा रिकामा फोल्डर जागेवर होता. रोजच्या प्रती त्यातच पडत राहिल्या, म्हणजे त्याच कुरकुरणाऱ्या मोठ्या डिस्कवर. घर जळालं तर असावेत म्हणून बाहेर ठेवायचे कागद, आठ महिने इमानेइतबारे त्याच घराच्या माळ्यावर चढत होते. मूळ वाचन ज्यावर उतरायचं तो काचेच्या खोलीतला कंप्युटर तर दर महिन्याला रिकामा करायची रीतच होती.

दारावर टकटक झाली. वाचककाका. वीस वर्षं त्यांनी इथे पुस्तकं वाचली. दोन महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तरी आठवड्यातून दोनदा येत, इतरांचं वाचन ऐकून चुका काढत. बोलणं सगळं पाटीवर.

'तोंड का उतरलंय? आई?'

"आई आहे तशीच आहे, काका. हे माझंच पाप आहे." ताईंनी काही न लपवता सगळं सांगितलं.

काकांनी वही ओढून घेतली, खुणांवरून बोट फिरवलं आणि लिहिलं, 'अक्षर सुरेख.'

"चेष्टा नका करू."

'तेवढीच उरलीय.' पुसून पुन्हा लिहिलं, 'मीही वर्षभर खोकल्यापुढे बरोबरची खूण करत होतो.'

मग पाटी पुसून लिहिलं, 'माझं शेवटचं?'

एकतीस प्रकरणांचं ते पुस्तक त्यांनी ऑपरेशनच्या चार दिवस आधी संपवलं होतं.

"आहे. पण फक्त तिथेच." ताईंनी कुरकुरणाऱ्या डिस्ककडे पाहिलं. "ही किती दम धरेल सांगता येत नाही. नवी तयार करते आणि आधी तुमचंच घेते."

भलतीच डिस्क फॉरमॅट झाली तर होतं नव्हतं ते जातं. म्हणून ताई पडद्यावरचा सीरियल नंबर एकेक आकडा म्हणाल्या, आणि काका नव्या डिस्कच्या खोक्यावरच्या नंबरावर बोट ठेवून प्रत्येक आकड्याला मान हलवत गेले. डिस्क तयार झाली, जोडली गेली. ताई आज्ञा लिहायला लागल्या तोच काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

'आधी परीक्षेची पुस्तकं.'

"काका, ती पुन्हा वाचून घेता येतील."

'परीक्षेला बारा दिवस उरलेत, तेवढ्यात? मुलं नापास झाली तर मी बोलून समजावू शकणार नाही.'

ताई हसल्या नाहीत. त्यांनी पाठ्यपुस्तकं आधी लावली. दुपार सरली, चहावर साय धरली, पडद्यावर फाईलींची नावं मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. पाठ्यपुस्तकं आली. इतरांची आली. शेवटी काकांची. एक, दोन, दहा, तीस. एकतिसाव्याला मोठी डिस्क दोनदा खट्ट वाजली आणि गप्प झाली. ताईंनी तीनदा प्रयत्न केला. मग कळफलक बाजूला सारला.

"माझ्या एका ओळीच्या आळसापायी तुमचं..."

'आधी ती ओळ,' काकांनी लिहिलं.

ताईंनी ओळ लिहिली. सर्व्हर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला. नवी डिस्क आपली आपण जोडली गेलेली दिसली, तरी त्यांचं समाधान झालं नाही. तिच्यावरची एक फाईल उघडून त्यांनी मिनिटभर ऐकली. काकांचा आवाज खोलीत भरला. काका खिडकीबाहेर पाहत राहिले.

मग त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. श्वास कुठे घ्यायचा त्याच्या पेन्सिलीच्या खुणा ओळीओळीत होत्या. एकतिसावं प्रकरण उघडून त्यांनी ते ताईंपुढे सरकवलं.

"मला नाही जमायचं. चार माणसांत तोंड उघडत नाही मी."

'ऐकणारा एकटाच असतो.'

ताईंनी घरी फोन लावला. "वहिनी, जरा उशीर होईल."

"होऊ दे की. आईंना मी भरवलंय. पण आवाज का असा येतोय?"

"दमलाय."

"मग आणा घरी, झोपवू त्यालाही."

काचेच्या खोलीत ताईंनी पहिलं वाक्य वाचलं. काचेवर बाहेरून काकांच्या दोन टिचक्या पडल्या. म्हणजे पुन्हा. त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा दोन टिचक्या. ताईंनी डोळे पुसले, पेन्सिलीची पहिली खूण शोधली आणि तिथे श्वास घेतला. या वेळी पान उलटेपर्यंत काकांचा हात मांडीवरून हलला नाही.