चार वितींचा पाळणा

अब्बांनी टेप कधी हातात धरला नाही. डोंगरकडा गावात त्यांचं सुतारकाम वितीवरच चालायचं, आणि पाळणा म्हणजे लांबीला चार वीत. पण यंदा जवळा बाजारच्या गिऱ्हाइकानं पाळणा परत आणला. लेकराची गादी त्यात मावत नव्हती.

“गादीच मोठी शिवली त्यांनी. माप बराबर हाय,” अब्बा म्हणाले. मला असा राग आला! संधिवातानं बोटं आखडलीत, वीत आखूड झाली, हे त्यांनाही ठाऊक होतं.

माळ्यावर माझा पाळणा होता, मी जन्मले तेव्हा त्यांनीच केलेला. तो मोजला. ब्याण्णव सेंटीमीटर भरला. लॅपटॉपवर ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच पाळणा काढला आणि हिंगोलीहून खऱ्या मापाचा कागद छापून आणला. सेंटीमीटर कुठंच लिहिले नाहीत, कडेनं फक्त चार वितींच्या खुणा केल्या.

अब्बांनी कागद फळीवर पसरला. पहिल्या खुणेवर अंगठा टेकवला. करंगळी काही दुसऱ्या खुणेपर्यंत पोचेना.

“अलमास, ही कुणाची वीत?”

“तुमचीच, अब्बा. मी झाले तवाची.”

त्यांनी खुणेवरून हात उचलला. मग म्हणाले, “बराबर हाय. करवत आण.”