वेळ उरल्यास

कुणाला उभं करून बोलायला लावायचं आणि कुणाला चटईवर बसवून नुसता चहा द्यायचा, हे आपण किती पटकन ठरवून टाकतो! आणि ठरवताना आपल्याला वाटतं, आपण त्या माणसावर मायाच करतोय. हिंगोलीच्या शिलाबाईंनाही तसंच वाटलं होतं.

शिलाबाई मूळच्या मास्तरीण नव्हेत. बारावीनंतर लग्न, मग संसार. पण त्यांचा मुकुल दुसरीत असताना त्याच्या वर्गात गुणांप्रमाणे बसवायची पद्धत निघाली. हुशार पुढे, बाकीचे मागे. मुकुल शेवटच्या रांगेत गेला आणि महिन्याभरात घरीसुद्धा कोपऱ्यात बसून जेवायला लागला. ते पाहून शिलाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. "माझ्या लेकराची रांग मी ठरवीन," असं म्हणून त्यांनी शाळेतून त्याचं नाव काढलं, पुस्तकं आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी घरशाळा सुरू केली.

हळूहळू चर्चच्या मंडळीतली आणखी चार घरं तशीच निघाली. कुणी जवळा बाजारचं, कुणी औंढ्याचं. एकट्या घरात लेकरू कंटाळतं, आईही कंटाळते, कधी दोघं मिळून रडतात. म्हणून पाळकांनीच सुचवलं, "शनिवारी एकत्र जमा." तेव्हापासून दर शनिवारी शिलाबाईंच्या पुढच्या खोलीत पाच घरांची अकरा लेकरं जमत. आधी प्रार्थना, मग गीत, मग शिकणं, मग आपापले डबे मधे मांडून जेवण. नियम एकच होता, आणि तो शिलाबाईंचाच: प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसानं बारीनं एकेक धडा घ्यायचा. कुणी नकाशा शिकवे, कुणी इंग्रजी. शिलाबाईंचे यजमान हरीश दवाखान्यात कंपाउंडर, ते जखमेवर पट्टी बांधायला शिकवत. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर शिलाबाईंनी बारीचा तक्ता लिहून भिंतीला लावला होता. अक्षर मोत्यासारखं. त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

या पाच घरांतलं एक घर म्हणजे हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या जिवनबाई आणि त्यांची नात प्रियंका. बस, एवढंच घर. प्रियंकाची आई गेली तेव्हा पोर सात वर्षांची. शाळेत तिचं बोलणंच बंद झालं. बाप रत्नपाल चाकणला कंपनीत, चौघांच्या खोलीत राहणारा. जिवनबाईंनी नातीला घरी घेतलं, शेतावर नेलं, शेळीपाशी बसवलं आणि वर्षभरात पोर पुन्हा बोलती झाली. शिलाबाईंच्या गटातून पुस्तकं जात, प्रियंका आपली आपण वाचे, आजीला वाचून दाखवे. आजीला अक्षर येत नव्हतं.

आणि तिथंच शिलाबाई अडल्या. बारीच्या तक्त्यात जिवनबाईंचं नाव तर घालायला हवं. पण ही बाई शिकवणार काय? लेकरांसमोर तिची फजिती नको, असा अगदी प्रेमळ विचार करून त्यांनी सगळ्यात खाली लिहिलं: "वेळ उरल्यास – जिवनबाई."

वेळ कधी उरला नाही. गोरेगावची जीप चारला निघे. प्रत्येक शनिवारी पावणेचार झाले की शिलाबाई म्हणत, "आजी, आज ऱ्हायलंच बघा. तुम्ही निवांत बसा हो, तुम्हाला कशाला तकलीफ?"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," जिवनबाई हसत. "फुडच्या बारीला."

असे सात महिने गेले!

मे सरत आला होता. जिवनबाईंनी एका शनिवारी जाताना शिलाबाईंना दारातच धरलं.

"शिलाबाई, फुडच्या शनवारी माझा रत्नपाल येऊन राहिला बघा. मला म्हनला, तू काय शिकवतीस ते बघतो. तवा माझी बारी..."

"रत्नपालभाऊ येणार? वा! मग तर जोरदार तयारी करायला पाहिजे!" शिलाबाईंनी अर्धंच ऐकलं. पाहुणा येणार एवढं कानात शिरलं, बाकी दारातच राहिलं.

आठवडाभर त्या खपल्या. रंगीत पुठ्ठे कापले. शेकडेवारीचा धडा त्यांनी स्वतःकडे घेतला, कारण तो अवघड होता आणि पाहुण्यासमोर अवघडच धडा शोभतो!

शनिवारी जिवनबाई आल्या त्या नव्या लुगड्यात. मागं रत्नपाल, इस्त्रीचा सदरा घातलेला, जरा अवघडलेला. प्रियंकाच्या डोळ्यांत तर नुसती घाई. आणि जिवनबाईंच्या मांडीवर होती ओल्या गोणपाटाची एक गुंडाळी, सुतळीनं दोन ठिकाणी बांधलेली. तिच्यातून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत होतं.

"अहो आजी, हे काय?" शिलाबाई फडकं घेऊन धावल्या. "सगळं ओलं झालं की! पुठ्ठे भिजतील. बाहेर ओसरीत ठेवते हं मी."

"मी म्हनलं..."

"असू द्या, असू द्या. जाताना आठवणीनं देते."

गुंडाळी बाहेर चपलांच्या शेजारी गेली.

धडा सुरू झाला. शंभरपैकी अमुक, शंभरपैकी तमुक. पुठ्ठे रंगीत होते, पण लेकरांच्या तोंडावर काही उमटेना. जवळ्याच्या एका पोरीनं विचारलं, "मावशी, शंभर काहून? पन्नास का न्हाई?" शिलाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुकुल जांभया द्यायला लागला.

प्रियंकानं हात वर केला. "मावशी, आजीच्या गोणपाटात शंभर..."

"नंतर बाळा. आधी हे पूर्ण होऊ दे."

दहा मिनिटांनी पुन्हा तोच हात वर. पुन्हा "नंतर."

तिसऱ्यांदा हात वर आला नाही.

जेवणं झाली, चार वाजत आले. रत्नपाल भिंतीपाशी उभा राहून तक्ता वाचत होता. वरून खालपर्यंत. शेवटच्या ओळीपाशी तो जरा जास्तच थांबला. मग त्यानं पायात चप्पल घातली, बाहेरची गुंडाळी उचलली आणि म्हणाला, "ताई, तुमी लोकं लई करता. खरंच." आणखी काही बोलणार होता, पण आईकडं पाहून जीपकडं वळला. जीप हॉर्न वाजवत होती.

"छान झालं ना आज?" भांडी आवरताना शिलाबाईंनी हरीशना विचारलं.

"हं," हरीश म्हणाले. "तुझं झालं छान."

शिलाबाईंना ते 'तुझं' जरा टोचलं, पण घासायची भांडी बरीच होती.

पुढचा शनिवार गेला, जिवनबाई आल्या नाहीत. पेरणीची तयारी असेल. त्याच्या पुढचाही गेला. फोन लागेना. शेवटी एका मंगळवारी शिलाबाई जीपनं गोरेगावला गेल्या.

घराला कडी होती. शेजारच्या ओट्यावर द्वारकाबाई तूर निवडत बसल्या होत्या. हिंगोलीची बाई पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुमीच का त्या शनवारच्या शाळंच्या म्याडम?"

"शाळा नाही हो, गट आहे आमचा. जिवनबाई कुठं गेल्या?"

"चारा आनाया. शेळी हाय अजून तिच्यापाशी." द्वारकाबाईंनी 'शेळी' शब्दावर असा जोर दिला की शिलाबाई जागच्या जागी थांबल्या.

"आणि प्रियंका?"

"नेली की बापानं. वसतिगृहात घातली, तिकडं लांब. सा तारखेला गेली पोरगी. जाताना शेळीच्या गळ्यात पडून रडली, आजीच्या पडली न्हाई. आजी रडंल म्हनून."

"पण... अशी अचानक?"

"अचानक कसली! लेकाचं आन मायचं ठरलं व्हतं. रत्नपाल म्हने, तुला वाचता येत न्हाई, तू पोरीला काय शिकवतीस? ही म्हने, ये हिंगोलीला, बघ माझी बारी. तिथली शिकलेली मानसं मला शिकवू देत्यात का न्हाई ते बघ. दिली तर पोरगी माझ्यापाशी, न्हाई तर घेऊन जा." द्वारकाबाईंनी सुपातला एक खडा उचलून दूर फेकला. "धा-धा दाने मांडून शंभर मोजले पोरीनं. सोयाबीनचे. सा दिस तिनं त्या गोणपाटावर पानी शिंपडलं, रोज सकाळी मला बोलावून दाखवी. आन तुमी ते चपलांपाशी ठिवलं म्हंतात."

शिलाबाई ओट्यावर बसल्याच. बी उगवतं की नाही हे पेरणीआधी पाहायची ही रीत त्यांच्या माहेरीही होती. शंभर दाणे, ओलं गोणपाट, सहाव्या दिवशी मोजायचं. ऐंशी उगवले तर शेकडा ऐंशी. त्यांच्या रंगीत पुठ्ठ्यांवरून जे लेकरांना कळलं नाही, ते त्यांच्याच ओसरीत, कोंब फुटून, बांधून पडलेलं होतं!

"माझ्या मनात तसं नव्हतं हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्यांची फजिती होऊ नये म्हणून..."

"मनातलं मला काय ठावं? आमची पोरं शाळंतच जातात, मला तुमचं काही कळत न्हाई. पर एक इचारते, राग नका येऊ देऊ. शाळंत लेकराला मागं बसवलं म्हनून तुमी त्याला घरी आनलं, जिवना सांगत व्हती. लई चांगलं केलं. मंग घरी आनून तुमी पुन्यांदा कुनालातरी मागंच काहून बसवलं? शाळा सोडली का नुसती जागा बदलली?"

शिलाबाईंनी ओट्यावर सांडलेला तुरीचा एक दाणा उचलून सुपात टाकला.

तेवढ्यात डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन जिवनबाई आल्या. भारा खाली ठेवताना शिलाबाईंना पाहून त्यांचा चेहरा फुलला. खरंच फुलला! त्यानं शिलाबाईंना जास्तच भाजलं.

"अगं बाई, उन्हाच्या काहून आलात? जय ख्रिस्त. बसा, पानी आनते."

"आजी, मी चुकले." शिलाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. हाताला गवताचा वास होता. "तक्त्यावर मी काय लिहिलं होतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"व्हय की. पोरगी वाचून दाखवायची. आजी, तुझं नाव सगळ्यात खाली हाय, मोठं जपून लिवलंय, म्हने."

"वेळ उरल्यास, असं लिहिलं होतं मी आजी. जिवनबाई, वेळ उरल्यास."

जिवनबाईंनी चारा शेळीपुढं टाकला. लुगड्याच्या पदरानं मान पुसली.

"ते तिनं नव्हतं वाचलं," त्या हळूच म्हणाल्या. "सात म्हैने वाचलं न्हाई बघा पोरीनं."

दोघीही रडल्या. द्वारकाबाई तूर पाखडायला लागल्या, जरा जोरानं.

शिलाबाईंनी तिथूनच रत्नपालला फोन केला, चूक कबूल केली, विनवलं. तो रागावला नाही. "ताई, तुमी सांगितलं, बरं वाटलं. पर आता नाव घातलंय. वर्ष तर काढूच द्या. पोरगी पुन्हा इकडून तिकडं नको." त्याचंही खरंच होतं. काही चुका कबूल करता येतात, परत मात्र फिरवता येत नाहीत.

त्याच आठवड्यात शिलाबाईंनी भिंतीवरचा तक्ता काढला. नवा लिहिला. पहिलं नाव जिवनबाईंचं.

जिवनबाई आधी नाहीच म्हणाल्या. "पोरगी न्हाई, आता कुनासाठी?" मग एका शनिवारी ओल्या गोणपाटासकट जीपमधून उतरल्या. शिलाबाईंनी गुंडाळी स्वतःच्या हातानं खोलीत नेली. फरशी ओली झाली, कुणी फडकं आणलं नाही.

लेकरं गोल बसली. जिवनबाईंनी सुतळी सोडली, दहा-दहांच्या ओळी उलगडल्या. "मोजा. कोंब आला त्यो जित्ता." अकराच्या जागी दहा लेकरं होती, दहाही जणांनी मोजलं. चौसष्ट निघाले.

"शेकडा चौसष्ट!" मुकुल ओरडला. रंगीत पुठ्ठ्यानं न झालेलं काम झालं होतं.

"मग आजी, हे बी वाईट? फेकून द्यायचं?" जवळ्याच्या पोरीनं विचारलं.

"फेकायचं काहून? कमी उगवतंय तर पेरताना मूठ जरा भरून घ्यायची. बी तेच. आपला हात वाढवायचा."

शिलाबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी मान खाली घातली.

त्यांनी रात्रही जाऊ दिली नाही. त्याच संध्याकाळी प्रियंकाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, काही राखलं नाही. तीन आठवड्यांनी वहीच्या पानावर उत्तर आलं. वसतिगृहातलं जेवण बरं आहे, पाणी दुरून आणावं लागतं, शेळीला विचारलं म्हणून सांगा. आणि शेवटी एक ओळ: "मावशी, त्या दिवशीच्या गोणपाटात ब्याऐंशी निघाले होते. आजीनं आणि मी सकाळीच मोजले होते. तुम्ही विचारलंच नाही, म्हणून सांगायचं राहिलं."

शिलाबाईंनी ते पान नव्या तक्त्याच्या शेजारी लावलंय. दर शनिवारी कुणाची बारी सुरू व्हायच्या आधी त्या ते एकदा वाचतात. मनातल्या मनात.

वाचकहो, लेकरांना शाळेत शिकवा नाहीतर घरी, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण ज्याला अक्षर येत नाही त्याला काहीच येत नाही, असं धरून चालू नका. दया म्हणून कुणाची बारी पुढं ढकलणं, हाही अपमानच आहे. फक्त तो गोड आवाजात केलेला असतो. आपल्याही घरात, मंडळीत, कचेरीत असा एखादा तक्ता असेल, लिहिलेला नसला तरी असेल. त्याच्या शेवटच्या ओळीत कुणाचं नाव आहे, ते आजच वाचा. त्या माणसाच्या मांडीवर काय आहे, ते विचारा. पोरगी गावाला जायच्या आधी विचारा!