चार ऊतींची जबानी

मंगळवारी सकाळी विद्याधर चार ठिकाणी उठला. कातडी आरशापुढे दाढी करत होती. स्नायू स्वयंपाकघरात लालभडक, ओले उभे होते आणि डब्यांची झाकणं उघडत होते. हाडं, रक्त, चरबी असा सगळा सांधणारा ऐवज झोपाळ्यावर बसला होता. पलंगावर उरल्या होत्या त्या नुसत्या चेता: उशीवर मेंदू आणि खाली पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता.

त्याची बायको हेमांगी घाबरली नाही. मिरजेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ऊतींचे पातळ काप काढण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता या चारही ऊती तिने जन्मभर काचपट्टीवर पाहिल्या होत्या, आता घरात पाहत होती इतकंच. उलट तिला बरंच वाटलं. रविवारी आमटी अळणी झाली म्हणून विद्याधरने तिच्या डाव्या कानाखाली लगावली होती, आणि तेव्हापासून तो कान बंद होता. सोमवारी वर त्यानेच विचारलं, "मी कुठे मारलं?" आता एकेकाला वेगळं गाठून विचारता येणार होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी नको, एवढंच तिचं म्हणणं.

तिने आधी कातडीला गाठलं.

"मी बाहेरची," कातडी गालावरचा फेस पुसत म्हणाली. "मला आतलं काय ठाऊक? उलट मलाच लागलं. तळहात दिवसभर चुरचुरत होता."

झोपाळ्यावरचा ऐवज पायाने हलकेच झोका घेत होता. खाली रक्ताचं थारोळं साचलं होतं. "आम्ही फक्त सगळ्यांना धरून ठेवतो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "घर मोडू नये म्हणून. तूही जरा सांभाळून घे."

हे तिला सासरच्या प्रत्येकाने सांगून झालं होतं. ती स्वयंपाकघरात गेली.

"आम्हाला कळत काहीच नाही," स्नायू म्हणाले. "आवळ म्हटलं की आवळतो. सोड म्हटलं की सोडतो. आपल्या मनाने काही करत नाही."

बोलता बोलता ते तिला बाजूला सारून बाहेर आले आणि त्यांनी झोपाळ्यावरच्या ऐवजाच्या छातीत ठोसा मारला. वाळल्या काटक्यांसारख्या तीन बरगड्या मोडल्या. कातडी मध्ये पडली, तर त्यांनी ती खांद्यापासून कमरेपर्यंत उभी फाडली आणि कोपऱ्यात भिरकावली. ओरडलं कुणीच नाही.

"का?" हेमांगीने विचारलं.

"निरोप आला."

आता विचारायचं असं एकच जण उरलं होतं. ती पलंगापाशी गेली. दोऱ्या थरथरल्या.

"कुणी मारलं, ते सांगा. मला तेवढंच हवंय."

"आमटी खरंच अळणी होती, हेमा," चेता म्हणाल्या.

हेमांगीला असा संताप आला की हात आपोआप कामाला लागले. खात्यातला पहिला नियम म्हणजे हाती आलेली ऊती तशीच ठेवायची नाही, आधी फॉर्मलीनमध्ये टाकायची, नाहीतर सडते. चौकशी, कापाकापी सगळं नंतर. आणि बावीस वर्षं त्या खात्यात काढलेल्या बाईच्या मोरीत फॉर्मलीनचा कॅन असतोच. तिने मेंदू उचलला, दोऱ्या हाताला गुंडाळून घेतल्या आणि तो सगळा गुंता मोरीत नेऊन कळशीत सोडला.

तेवढ्यात स्नायूंनी मागून येऊन तिचा गळा धरला.

डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तिने कॅन तिरपा केला. ऊतीच्या दहापट फॉर्मलीन, त्यात ती कधी चुकली नव्हती. आत दोऱ्या दोनदा वळवळल्या, तीनदा वळवळल्या, मग सरळ झाल्या. हेमांगीला सुटल्यासारखं वाटलं.

पकड मात्र तशीच होती. तिने एक बोट उचकटून काढायला पाहिलं, नखं लावली, कोपर मारलं.

"सोडा," ती कशीबशी म्हणाली.

"'सोड' म्हणू दे ना त्याला," स्नायू म्हणाले. त्यांना काही घाई नव्हती.

हेमांगीने कळशीत हात घातला. गोळा गार पडला होता आणि बाहेरून घट्ट व्हायला लागला होता. तो दोन्ही हातांनी वर काढून, गदागदा हलवत ती म्हणत राहिली, "अहो... अहो, सांगा ना यांना."