रविवारी वाजणारा आर्वो

"गप्प! गप्प बसा सगळे! आली गाडी!"

सायमीची निळी गाडी चर्चच्या फाटकातून आत वळली, तशी अंगणातल्या पन्नास-साठ माणसांनी टोप्यांचे कानपट्टे वर केले. थंडी उणे सव्वीस. पण कान गोठले तरी हरकत नाही, ऐकायचं चुकता कामा नये, असा एकूण निर्धार होता. गाडी थांबली, दार उघडलं आणि आतून अकॉर्डियनचे सूर बाहेर आले. वाजवणारा होता सायमीचा नवरा आर्वो. त्याला आम्ही नोव्हेंबरात याच चर्चच्या मागे पुरलं होतं.

आता, कॅसेट आर्वोनेच जिवंतपणी भरलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चमत्कार तो नव्हता. चमत्कार असा की गाडीतला स्टिरिओ सोमवार ते शनिवार ठार मेलेला असे. बटण दाबा, थोपटा, शिव्या द्या, साधा दिवा लागत नसे. आणि रविवारी, चर्चला निघताना, तोच स्टिरिओ सुरू होई आणि कॅसेट जिथे थांबली होती तिथून पुढे वाजू लागे.

"तार तीच! बॅटरी तीच! बटण तेच!" गाडीच्या टपावर हात ठेवून ताहवो लिन्तुला गर्जत होता. "मग सोमवारी का नाही, बंधूंनो? कारण सोमवारी आर्वोला सुट्टी नसते. तिकडेही कामं असतात!"

"तिकडे कसली कामं हो?" एका म्हातारीने विचारलं.

"ते सांगायची मला परवानगी नाही."

म्हातारीने समजूतदारपणे मान हलवली. कॅसेटमधला आर्वो एक चाल संपवून खाकरला आणि म्हणाला, "बास, आता जरा दम खाऊ." आणि सायमी रडता रडता हसली.

हा लिन्तुला दर हिवाळ्यात आमच्या गावी येई आणि बंद पडलेल्या दूधडेअरीत मुक्काम ठोकी. कंबरेला तेल लावी, डोक्यावर हात ठेवी, शिंगांच्या तुंबड्या लावून रक्त ओढी. जगात जे जे दुखतं त्या सगळ्यावर त्याच्याकडे उपाय होता. फक्त स्वतःच्या दाढदुखीसाठी तो शहरात दातांच्या डॉक्टरकडे जाई.

मी ओस्सी राउतिओ. पेट्रोलपंपामागे माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ही गोष्ट शहाऐंशी सालच्या हिवाळ्यातली आहे आणि ती लिन्तुलाची कमी, माझीच जास्त आहे.

डिसेंबरात सायमी आधी माझ्याकडेच आली होती.

"ओस्सी, आर्वोचा स्टिरिओ लागतच नाही रे. बघतोस का? त्याचा आवाज तेवढा त्यातच आहे."

मी गाडी आत घेतली, भट्टी पेटलेलीच होती, आणि आम्ही आधी कॉफी प्यायलो. मग मी कामाला लागलो. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. बॅटरीकडून येणाऱ्या तारेत बारा व्होल्ट. किल्ली फिरवल्यावर दुसऱ्या तारेतही बारा. अर्थिंगची तार घट्ट. मग बटण दाबलं, तर स्टिरिओ गुमान सुरू झाला. दहादा बंद केला, दहादा लागला.

"यंत्रात काही दोष नाही, सायमी," मी छाती काढून म्हणालो. "तूच बटण नीट दाबत नसशील."

ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी स्टिरिओ पुन्हा मुका. माझ्याकडे परत यायची तिला लाज वाटली, कारण मी तिला खुळ्यात काढलं होतं. मग ती लिन्तुलाकडे गेली. "रविवारी चर्चपाशी बघू," तो म्हणाला. रविवारी तिने गाडी सुरू केली आणि स्टिरिओ वाजू लागला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशी लिन्तुलाची गत झाली. काही न करता त्याला चमत्कार मिळाला.

आणि वर माझं प्रशस्तिपत्र! "विचारा त्या ओस्सीला!" तो सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट करी. "तो देव मानत नाही, मीटर मानतो. त्याचा मीटर काय म्हणाला? यंत्रात दोष नाही! मग कोण वाजवतं, सांगा!" लोक माझ्याकडे वळून बघत. मी बुटांनी बर्फ उकरत उभा राही.

खरं काय ते मला जानेवारीतल्या एका गुरुवारी कळलं. सायमी किराणा दुकानात पीठ घ्यायला गेली होती आणि तिची गाडी बाहेर उभी होती. आमच्याकडे गाड्यांना कुलूप कोण लावतं? मी आत बसलो, डॅशबोर्डवरच पडलेली किल्ली लावून फिरवली, बटण दाबलं. काही नाही. बोटं थंडीने आखडली होती. पायाशी हीटर होता, अंगणातल्या विजेच्या खांबाला वायर जोडून गाडी आतून गरम करायचा, सगळ्यांकडे असतो तसा. तो थंडगार होता. तेवढ्यात सायमी आली.

"हीटर लावत नाहीस का?"

"दुकान दीड किलोमीटरवर, ओस्सी. त्याला कशाला वीज जाळू? मांडीवर घोंगडी घेते. रविवारीच लावते फक्त, पहाटेपासून. चर्चला पातळ मोजे असतात ना."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझं दुकान गरम, तिथे स्टिरिओ चालला. रविवारी गाडी गरम, तेव्हा चालला. थंडीत नाही. म्हणजे आत कुठेतरी सोल्डरचा टाका तडकलेला. धातू थंडीने आकसला की केसाएवढी फट पडते आणि वीज पलीकडे जात नाही. ऊब मिळाली की तो फुगतो, फट मिटते. आणि टाका कुठला असणार तेही मला माहीत होतं. सप्टेंबरात आर्वोच्या त्या स्टिरिओचं बटण मीच बदललं होतं. त्या सकाळी एल्क हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस होता. आमची टोळी बाहेर हॉर्न वाजवत होती आणि मी सोल्डरिंगची सळई नीट तापायच्या आधीच टाका मारून पळालो होतो.

तिथेच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण माझं तोंड उघडलं नाही. "राउतिओने हात लावला की पुन्हा बिघडत नाही" अशी परगण्यात माझी ख्याती होती. ती मला प्यारी होती. वर मी मनाला समजावलं, बाई दोन महिन्यांत पहिल्यांदा हसतेय, कशाला हिसकावून घ्या? आपल्या भित्रेपणाला दयेची टोपी घालायला फार वेळ लागत नाही.

पुढच्या आठवड्यात गावची नर्स इर्मेली माझ्या दुकानात आली. टोपीही न काढता म्हणाली, "अहो ओस्सी, सायमीने हृदयाच्या गोळ्या बंद केल्यात."

"का?"

"लिन्तुला म्हणतो, गोळ्यांनी रक्त जड होतं आणि जड रक्ताच्या बाईला आर्वो ऐकू यायचा बंद होईल. तिचे पाय सुजलेत. माझं ऐकत नाही. मला म्हणते, 'ओस्सीनेसुद्धा सांगितलंय, यंत्रात दोष नाही.' खरंच नाही का हो?"

"मी तपासलं तेव्हा नव्हता," मी म्हणालो.

वाक्य अक्षरशः खरं होतं. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

फेब्रुवारीत सायमी किराणा दुकानाच्या पायरीवर कोसळली. फुप्फुसात पाणी झालं होतं. नऊ दिवस इस्पितळात राहून ती घरी आली. आणि तिसऱ्याच दिवशी इर्मेली मला म्हणाली, "गोळ्यांची पिशवी अजून फोडलेली नाही. रविवारी चर्चला येणार आहे म्हणे, आर्वोशी बोलायला."

"रविवारी केस वाळवायचं यंत्र घेऊन ये," मी म्हणालो.

त्या रविवारी गर्दी दुप्पट होती. लिन्तुला घसा खरवडून सांगत होता की नवऱ्यानेच तिला इस्पितळातून ओढून आणलं. गाडी आली, आर्वो वाजू लागला. मी पुढे झालो.

"सायमी, दहा मिनिटं दारं उघडी ठेवू देशील?"

"काय करणार आहेस?"

"काही नाही. थंडी आत येऊ देणार आहे."

तिने मान हलवली. मी दोन खटके दाबून स्टिरिओ खोबणीतून पुढे ओढला. आम्ही थांबलो. लोकांच्या दाढ्यांवर श्वासाची वाफ गोठली. आणि चाल अर्ध्यावर असताना आर्वो थांबला, दिवा विझला.

"पाहा!" लिन्तुला ओरडला. "अश्रद्ध हात लागला आणि बिचारा निघून गेला!"

"जाऊ द्या. बोलावतो परत."

चर्चच्या विजेच्या खांबाला वायर लावून मी इर्मेलीच्या यंत्राची गरम हवा स्टिरिओच्या पाठीवर धरली. मिनिटभरात दिवा लागला आणि चाल तिथूनच पुढे सुरू झाली. मग पिशवीत बर्फ भरून पाठीला लावला. बंद. गरम हवा. सुरू. पुन्हा बर्फ. बंद.

"अगं बाई," ती म्हातारी म्हणाली, "आर्वोला सर्दी होते होय?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. लिन्तुलाने हात उंचावले. "आत्म्याला ऊब प्रिय असते, हे मी कधी नाकारलं?"

"मग गुरुवारी हीटर न लावता बोलवा त्याला," मी म्हणालो. "मी येतो ऐकायला."

"गुरुवारी मला दुसरीकडे जायचंय," असं म्हणून तो हातमोजे शोधू लागला. ते त्याच्या हातातच होते.

मी तडकलेला टाका सगळ्यांना दाखवला, हीटरचं सांगितलं. लोक पाठ थोपटू लागले, "शाब्बास ओस्सी, बरा उघडा पाडलास!" तेव्हा मला राहवेना.

"टाका माझाच आहे," मी म्हणालो. "घाईत मारलेला."

हसणं थांबलं. सायमी गाडीतच बसली होती, सुजलेले पाय बाहेर काढून.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"जानेवारीपासून. तू पीठ घ्यायला आली होतीस तेव्हापासून."

तिने एकेक करून पाय आत घेतले. मग म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी घरी जाऊन रडले असते, ओस्सी. एवढंच झालं असतं."

तिने त्या दिवसापासून गोळ्या घेतल्या. पण जे हृदय दुखावलं ते दुखावलं. आता ती दोन पायऱ्या चढून थांबते आणि चर्चच्या गायकवृंदात गात नाही, कारण दम पुरत नाही. टाका मी दुसऱ्याच दिवशी नीट घातला. तो फुकट घालून दिला हे सांगण्यासारखंही नाही.

कुणी चमत्कार दाखवला, तर तो कधी होतो हे बघत बसू नका. कधी होत नाही ते विचारा, आणि त्या दोन दिवसांत फरक काय ते शोधा. त्याला विद्वान लागत नाही, मीटरही लागत नाही. आणि ज्याला उत्तर माहीत आहे, त्याने ते त्याच दिवशी, आपली अब्रू गेली तरी, मोठ्याने सांगावं. लिन्तुलाला निदान रोज घसा कोरडा करावा लागत होता. मी नुसता गप्प बसलो, आणि बाकीचं काम आपोआप झालं.