आयत्या शेपटीचे जिवाणू

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरच्या चौकटीत नऊ पेशी होत्या आणि त्यांच्या पोटात मिळून चौसष्ट जिवाणू. त्यांतल्या एकेचाळिसांना हिरवी चमकणारी शेपटी फुटलेली. मिनिटाभरात स्वतःच्या लांबीइतके तरी सरकलेले: शून्य.

तिने पुन्हा मोजलं. शून्यच.

हे जिवाणू म्हणजे आयत्या बिळावरचे नागोबा. पेशीत शिरायचं, पेशीचंच ॲक्टिन नावाचं प्रथिन आपल्या मागे शेपटीसारखं रचून घ्यायचं आणि त्याच्या रेट्याने शेजारच्या पेशीत घुसायचं. इतर लॅबमध्ये ते धावत होते. हिच्याकडे मात्र रुसलेल्या जावयासारखे बसून.

"हलले का गं तुझे पाहुणे?" शेजारच्या टेबलावरून सीनियर दादाने विचारलं.

"नाही."

"मेलेत ते. कधीचा सांगतोय."

"मग पेशीत शिरले कसे? चार खांदेकरी घेऊन?"

दादा हसला आणि त्याने एसी आणखी वाढवला. त्याचा लेझर तापत होता.

संध्याकाळी तिच्या गाइड मॅडम येणार होत्या. एक तरी धावता जिवाणू दाखवला तर पीएचडीचा हा विषय तिचा. नाहीतर तो दादाच्या प्रबंधात जाणार आणि ती पुन्हा श्रीगणेशापासून. जिवाणू बदलून झाले, त्यांचं खाणं बदललं, रंग बदलला. आता बदलायला ती स्वतःच उरली होती.

वैतागून तिने पेशींच्या डिशखालच्या लेन्सवरचं तेल पुसायला घेतलं. बोट धातूला लागलं आणि ती थबकली. लेन्स बर्फासारखी गार होती.

डिशखालची तापती पट्टी सदतीस अंश दाखवत होती. पण डिश आणि लेन्स यांच्यामध्ये तेलाचा थेंब होता, म्हणजे ऊब थेट लेन्समध्ये उतरत होती. तिने केसाएवढी बारीक तापमापकाची तार डिशमध्ये, बरोबर लेन्सच्या वर टेकवली. चोवीस.

"शी! गारठलेल्या पेशीतली शेपटी काय कपाळ रेटणार!"

या खोलीत बाकी सगळे मेलेल्या, काचेवर पक्क्या केलेल्या पेशी बघायचे. त्यांना कसली आलीय थंडी? म्हणून लेन्सला गुंडाळायचा गरम पट्टा कपाटात तसाच खोक्यात पडून होता. तिने तो काढून लेन्सला गुंडाळला.

"दादा, एसी बंद कर."

"आणि माझा लेझर?"

"त्यालाही झोपव तासभर. तुझ्या पेशी कुठे पळून जात नाहीत."

"म्हणजे तुझे किडे पळावेत म्हणून आम्ही घामाने मरायचं?"

"हो."

दादा पुटपुटला, "धन्य आहेस बाई," आणि त्याने बटण दाबलं.

मॅडम आल्या आणि थोड्याच वेळात तिघांचेही कपडे पाठीला चिकटले. मॅडम बसल्या नाहीत, तिच्या खांद्यावरून बघत राहिल्या. एक जिवाणू पेशीच्या कडेला धडकला. कड बोटासारखी शेजारच्या पेशीत घुसली.

"मोज," मॅडम म्हणाल्या.

तिने पंधरा जिवाणूंचे माग मोजले. डिशमधलं तापमान साडेछत्तीस अंश. सरासरी वेग मिनिटाला सात पूर्णांक चार मायक्रॉन, स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट.