अप्पांचा ट्रक सुरू होईना

रविवारी सकाळी सकाळी भार्गवीला कुणाला तरी शिव्या घालाव्याशा वाटत होत्या, पण घालायच्या कुणाला हेच कळत नव्हतं. गेम पुन्हा त्याच जागी अडकला होता. हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत शहाण्यासारखी यायची, थबकायची, आणि मग स्क्रीनवर पाटी यायची की फाइल वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा. करा म्हणे! शुक्रवारपासून ती काय फुगड्या घालत होती?

गेम साधाच. एक लाल ट्रक, डोंगरातला रस्ता, आणि कीबोर्डवर उजव्या हाताशी असलेल्या चार बाणांनी तो हाकायचा. कॉलेजात असताना भार्गवीने त्याची सीडी पुण्याहून स्वतःसाठी आणली होती, पण ती ढापली तिच्या वडिलांनी. बंडोपंत, म्हणजे अप्पा, यांची सगळी नोकरी भोरच्या एसटी स्टँडवर गाड्या सोडण्यात गेली. जन्मभर दुसऱ्यांना वरंध घाटात पाठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. त्यामुळे निवृत्तीनंतर हा ट्रक हाती लागल्यावर गडी असा काही रंगला की विचारू नका. डोंगर कुठल्या का परदेशातला असेना, अप्पांच्या लेखी तो आपलाच घाट. ‘आलं हिर्डोशी, उतरा!’ असं ओरडत ते वळण घ्यायचे आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, ‘माझं तिकीट काढलंय का?’

आणि मग दसऱ्याला अप्पा पडले. संध्याकाळी आपट्याची पानं वाटून घरी आले, आणि चपला काढता काढता उजव्या अंगावर कलंडले. पुढे पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. तो अगदीच गेला होता अशातला भाग नाही, बोटांत जीव होता. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी स्पष्ट बजावलं होतं, “आत्ता वापरला तर हात परत येईल. असाच ठेवला तर आखडेल, आणि मग आमच्याही हातात काही राहणार नाही.” पण अप्पा ऐकतील तर शपथ! दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीची फळी आपटू नये म्हणून तिच्यात अडकवला. जेवण डाव्या हाताने, चमच्याने, तेही भिंतीकडे तोंड करून. देवपूजा तर सोडूनच दिली. “डाव्या हाताची पूजा देवाला चालत नाही,” म्हणाले आणि ताम्हण आईच्या हवाली केलं. ज्या माणसाने तापातही कधी पूजा चुकवली नाही, त्याने.

मागच्या आठवड्यात मात्र कॉम्प्युटरकडे बघून ते एकदाच म्हणाले होते, “ट्रक असता तर बघितलं असतं जरा.” एवढंच. भार्गवीने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. दुसरं धरायला होतं काय?

अडचण अशी की अप्पा दवाखान्यात असताना घरच्या जुन्या कॉम्प्युटरचं विंडोज बंद पडलं होतं, आणि भार्गवीने पेन ड्राइव्हवरून त्यावर लिनक्स चढवलं होतं. फुकट, हलकं, म्हाताऱ्या मशीनवरही पळतं. किकवीच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळते, त्यामुळे तिला त्याचा थोडा तोराही होता. पण गेम पडला विंडोजचा. तो लिनक्सवर चालवायला वाइन नावाचा प्रोग्रॅम लागतो. नाव ऐकून आईने नाक मुरडलं, तरी म्हणाली, “ह्यांच्या हातासाठी असेल तर घाल बाई.”

शुक्रवारी गेम मुळात उघडायलाच तयार नव्हता. तो जुन्या बत्तीस बिटांचा, वाइन नव्या चौसष्ट बिटांची. सासू-सुनेचं जमेना तशी गत. मग तिने गेमला वाइनमध्ये वेगळी बत्तीस बिटांची चूल मांडून दिली. शनिवारी तो म्हणाला, सीडी घाला. अरे, घातलेलीच आहे की! ही सीडी आत असल्याशिवाय गेम चालायचाच नाही, म्हणून ती कायम कॉम्प्युटरच्या पोटातच राहायची. भार्गवीने वाइनला सीडीचा पत्ता नीट समजावून सांगितला. तेही पटलं. आणि आता ही अर्ध्यावरची रड. इंटरनेटवर एकजण म्हणे परवानग्या बदला, दुसरा म्हणे वाइनची जुनी आवृत्ती घ्या, तिसरा दीडशहाणा म्हणे हा गेमच भंगार आहे, दुसरा खेळा. तिने पहिल्या दोघांचं ऐकलं आणि तिसऱ्याला मनात जे म्हणायचं ते म्हटलं.

शेजारच्या पलंगावर गेनू अप्पांना तेल चोळत होता. तो रोज आंबवड्याहून सायकलवर यायचा, आणि त्याच्या हातापेक्षा तोंड जास्त चालायचं.

“आप्पा, आपनहून बी जरा हालवा की. म्हस बी माशी बसली तर शेपूट हालवती.”

“तू तेल लाव. भाषण नको.”

“लावतोय की. पर म्या किती बी चोळलं तरी हात तुमचाच हाय न्हवं?”

अप्पांनी मान कॉम्प्युटरकडे वळवली. स्क्रीनवरची पाटी त्यांनी पाहिली होती. “भार्गवी, बंद कर ते,” ते म्हणाले. “जाऊ दे. राहिलं.”

भार्गवीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. गाडी जरा उशिरा सुटली तरी सगळा स्टँड डोक्यावर घेणारा हा माणूस! ‘जाऊ दे’ हा शब्द त्यांच्या तोंडी तिने कधी ऐकला नव्हता. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि रागात तिने जे आधीच करायला हवं होतं ते केलं. इतके दिवस ती वाइनलाच विचारत बसली होती. आता हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून तिने थेट लिनक्सला विचारलं, बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे? लिनक्सचं म्हणणं ओळीमागून ओळ तेच होतं. सीडीच वाचता येत नाही. वाइनचा काही दोष नव्हता, गेमचाही नव्हता.

तिने सीडीचं बटण दाबलं. ट्रे कुरकुरत बाहेर आला. त्यात पिवळ्या तांदळाचा एक दाणा होता. भार्गवीने सीडी उचलून उलटी केली. चकाकत्या बाजूवर हळदीची दोन बोटं आणि त्यांच्यामध्ये वाळून खडखडीत झालेलं ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक.

“आई!”

पिठाचे हात तसेच घेऊन आई बाहेर आली आणि सीडी बघून अगदी सहज म्हणाली, “दसऱ्याची पूजा ना ती. ह्यांनीच मांडली होती.”

अप्पा दरवर्षी दसऱ्याला पाटावर पाटी, स्टँडवरची जुनी शिट्टी आणि ट्रकची सीडी मांडत. छापील बाजू म्हणजे पाठ, चकाकती बाजू म्हणजे तोंड, आणि कुंकू काय पाठीला लावतात? असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा करून, सीडी पुसून तेच ती परत आत ठेवायचे. यंदा दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुण्याला दवाखान्यात होते.

“पाट किती दिवस तसाच ठेवणार?” आई म्हणाली. “घरी आल्यावर मी सगळं उचललं, आणि ही हिच्या जागी सरकवून दिली. कुंकू कसं पुसू? उत्तरपूजा झालेली नव्हती. ज्याने पूजा मांडली त्यानेच ती करायची.”

भार्गवीला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा ते कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने ओढणीचं टोक ओलं केलं आणि पुसायला घेतलं.

“थांब!”

आवाज स्टँडवरचा होता. गेनूचे हात जागच्या जागी थांबले.

“ओढणीने पुसतेस? पूजा आहे ती,” अप्पा म्हणाले. “इकडे आण. शुभा, पाणी आण, अक्षता आण, आणि मऊ फडकं.”

आईने सगळं आणलं. अप्पांच्या मांडीवर पाट ठेवून त्यावर सीडी ठेवली. अप्पांचा डावा हात सवयीने अक्षतांकडे गेला आणि वाटीपाशी थबकला. त्यांनी डावा हात मागे घेतला. मग खांद्यापासून जोर लावत त्यांनी उजवा उचलला. पोतं उचलावं तसा.

अक्षता पहिल्यांदा धोतरावर सांडल्या. दुसऱ्यांदा दोन-तीन दाणे सीडीवर पडले. “पुनरागमनाय च,” म्हणत त्यांनी सीडी जराशी सरकवली आणि फडकं घेतलं. बोटं वळेनात, फडकं घसरे, ते पुन्हा धरत. ओल्या कुंकवाने आधी सगळी सीडीच लाल झाली. भार्गवी न राहवून पुढे झाली.

“हात मागे! माझी पूजा आहे.”

तिने हात मागे घेतला. अप्पांच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता. गेनूसुद्धा गप्प होता, म्हणजे बघा. कितीदा तरी फडकं भिजलं, पिळलं, पिळताना आईने एक टोक धरलं, आणि अखेर सीडीत अप्पांचं तोंड दिसायला लागलं.

मग काय, हिरवी पट्टी अर्ध्यावर आली आणि न थांबता पुढे गेली. लाल ट्रक उभा राहिला. अप्पांनी खुर्ची ओढून घेतली, उजवा हात बाणांवर ठेवला आणि पहिल्याच वळणावर ट्रक थेट दरीत घातला.

“आरं द्येवा!” गेनू ओरडला. “आप्पा, हिर्डोशीची मानसं गेली की समदी!”

अप्पा हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा, खोकला येईपर्यंत हसले. “पुन्हा लाव,” भार्गवीला म्हणाले. मग दाराशी उभ्या असलेल्या आईकडे न बघताच म्हणाले, “शुभा, उद्या ताम्हण मला दे. वेळ लागेल. मधे बोलायचं नाही.”

“मी कशाला बोलतेय?” आई म्हणाली. पोळी करपली, पोळी करपली म्हणत ती आत पळाली. भार्गवी मागोमाग गेली तर गॅस अजून पेटवलेलाच नव्हता.