आबांची झील

गाणं कुणाचंही असो, शेवटचा शब्द आबांचा. रेडिओवरच्या बाईने ओळ संपवली रे संपवली, की आबा दिवाणावरूनच तो शब्द उचलणार, लांबवणार, पार वर नेऊन अलगद खाली ठेवणार. दूधवाला जिन्यात "दूऽध" ओरडला तरी आतून "दूध गं, दूऽध जी!" बिचारा पहिल्या दिवशी इतका दचकला की अर्धं दूध पायरीवर.

आबांचा काही दोष नव्हता. तिकडे गुहागरकडे आबा, म्हणजे गंगाराम, जाखडी नाचगाण्यातले नावाजलेले झीलकरी. पुढे उभा राहून गातो तो शाहीर. मागून त्याची ओळ झेलतो तो झीलकरी. "शाहीर कुनीबी होईल गो नंदे," आबा सांगायचे. "पन मागं झील नसली तर गानं तितंच बसकन मारतं."

नंदे म्हणजे नंदिनी, त्यांची नात, इयत्ता नववी. आधी ही मुलगी हजेरीला इतक्या हळू "हजर" म्हणायची की बाई तिची गैरहजेरी लावायच्या. पण यंदा गॅदरिंगला ऐन वेळी माईक बंद पडला आणि हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तेव्हापासून नंदिनीबाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते! संध्याकाळी गॅलरीतले कपडे काढताना ती ओळ टाकायची:

"भरतीच्या पाण्यानं नाव आली दारी गं..."

आणि आतून आबा: "दारी गं, माझ्या दाऽरी गं, होऽ!"

हे त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं. "ह्याच गान्यावर तुजी आजी लग्नाला होडीतून उतरली. मी मागं झील घेत उभा. तिच्याकडं बगितलं नि ताल चुकला. आख्ख्या जन्मात तेवडाच."

मग एकदा खालच्या मजल्यावरचे नंदकुमार वर आले. सोसायटीचे सेक्रेटरी. "अरविंदराव, ही सोसायटी आहे. रोज शिमगा कसा चालेल?"

नंदिनीचे बाबा दारात अगदी ऑफिसात साहेबांपुढे उभे राहिल्यासारखे उभे राहिले. नंतर आबांना म्हणाले, "आबा, इथे झील नको हो. मी सांगेन तेव्हाच घ्या."

"बरं," आबा म्हणाले. न लांबवता.

त्यानंतर नंदिनीने ओळ टाकली की मागे नुसता पंख्याचा आवाज. जिन्याला एक पायरी कमी असावी आणि पाय हवेत पडावा, तसं तिला व्हायचं. आबा गप्प बसून भिंतीकडे बघत राहायचे. भिंतसुद्धा त्यांना धड दिसत नव्हती, कारण चष्म्याची काडी तुटून तो दुरुस्तीला गेलेला.

अशात एका रविवारी दुपारी आबा "खाली बाकावर बसतो" म्हणून गेले. चहा झाल्यावर नंदिनी बोलवायला गेली, तर बाक रिकामा.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग देऊळ पाहून झालं, बसस्टॉप पाहून झाला, किराणावाल्याला विचारून झालं. वाशीतल्या त्यांच्या सेक्टरातल्या बिल्डिंगी म्हणजे एकाच साच्यातल्या करंज्या. तोच रंग, तोच जिना, तीच जाळी. चष्मा असलेली माणसंसुद्धा चुकायची.

"खाडीकडे तर गेले नसतील?" आई म्हणाली. "परवा म्हणत होते, पाणी बघून किती दिवस झाले."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. खाडीकडचा चिखल, चष्मा नाही, आणि ऊन तर उतरायला लागलेलं. तेवढ्यात नंदकुमार स्कूटरवरून आले. कुणी न सांगताच ते खाडीपर्यंत जाऊन आले होते. "तिथे कुणी नाही हो," ते म्हणाले. ही बातमी चांगली की वाईट, कुणालाच कळेना.

नंदिनी मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"नंदू, काय करतेयस?" बाबांनी विचारलं.

"आबांना हाक मारतेय."

आणि तिने ओळ टाकली. अशी, की चारी बिल्डिंगींच्या कबुतरांनी उड्डाण केलं. खिडक्या उघडल्या. कुणीतरी म्हणालं, "आयला, माईक कुठाय?" झील मात्र नाही. तिने पुन्हा टाकली. पुन्हा काही नाही. आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बाबा! तुम्ही म्हणा. तुम्ही म्हणाला होतात ना, मी सांगेन तेव्हाच घ्या. मग सांगा ना!"

बाबांनी वर पाहिलं, सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. बाजूला पाहिलं, नंदकुमार उभे. बाबांनी आयुष्यात आरतीसुद्धा कधी ओठांबाहेर येऊ दिली नव्हती. त्यांनी डोळे मिटले.

"भरतीच्या पाण्यानं..." आवाज फाटला. खाकरले, परत धरला. "नाव आली दारी गं! आबा, घ्या! झील घ्या!"

आणि मग शेजारच्या बिल्डिंगीच्या तिसऱ्या मजल्यावरून, जरा घोगरी, पण तालात पक्की:

"दारी गं, माझ्या दाऽरी गं, होऽ!"

नंदिनी आणि बाबा दोन-दोन पायऱ्या गाळत वर पोचले. उघड्या दारातून पाहतात तर आबा दिवाणावर मांडी घालून, हातात बशी. समोर एक म्हातारी. शेवंताबाई, मूळच्या गुहागरकडच्याच, तळवली गावच्या. मुलाने फ्लॅट घेतला म्हणून इथे आलेल्या.

"या, या, तुमीपन या," शेवंताबाई म्हणाल्या. "मी समजले, सुनेच्या माहेरचं पावनं. आले नि सरळ दिवानावर बसले. घरात दुसरं कोन नाय. म्हटलं, पावन्याला कसं इचारायचं, तुमी कोन?"

"आनि मी म्हनतो," आबा उसळले, "ही शेजारीन मगापासून आमच्या घरात ठान मांडून बसलीय, च्याबी हीच करते. ही जाते कदी? नि माजी सून गेली कुटं?"

"ऐका! माझाच च्या पितात नि मलाच घालवतात!"

नंदिनी हसता हसता खाली बसली. "अहो आबा, मी दोनदा गायले! ऐकू नाही आलं?"

"आलं की. मस्त गायलीस. पन अरविंदानं नको म्हनलेलं." आबांनी बशी खाली ठेवली. "मग त्यानंच घ्या म्हटल्यावर..."

बाबांनी आबांचा हात धरला तो सोडलाच नाही. जिन्यात आल्यावर म्हणाले, "लहानपणी जाखडीच्या रात्री मी तुमच्या पायांमागे घोंगडीवर झोपायचो ना. मधेच जाग आली की आधी झील ऐकायचो. ऐकू आली की परत झोपायचो. म्हटलं, आबा आहेत."

"मग? नसायला जानार कुटं मी?"

"शेजारच्या बिल्डिंगीत!" नंदिनी म्हणाली, आणि राहवतंय कुठे, जिन्यातच तिने ओळ टाकली.

आबा थांबले. मुलाकडे मान वळवली. चष्म्याविना त्यांना नुसता धूसर आकार दिसत असणार.

"घ्या," बाबा म्हणाले.

अख्खा परका जिना दणाणला. खाली नंदकुमार स्कूटर धरून वाट बघत होते. "मिळाले का?" असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.